माहिती पुरेशी आहे का?



एमबीएच्या प्रवेशासाठी आपली बरीच मुलं जीमॅट देतात. त्या परीक्षेतल्या एकाच प्रश्नप्रकाराबद्दल मी आज बोलणार आहे. त्याचं नाव डेटा सफिशिअन्सी. २०२३ च्या अखेरीस या परीक्षेचं रूप बदललं. भूमिती गेली. हा प्रकार मात्र गणिताच्या विभागातून निघून डेटा इनसाइट्स या विभागात गेला आणि टिकला. तो टिकला याचा मला आनंद आहे.

एक प्रश्न असतो आणि त्याखाली दोन विधानं. उत्तर काढायचं नसतं. उत्तर निश्चित करायला ही माहिती पुरते का, एवढंच सांगायचं असतं. पर्याय पाचच आणि नेहमी तेच: पहिलं विधान एकटं पुरतं, दुसरं एकटं पुरतं, दोन्ही मिळूनच पुरतात, कुठलंही एक पुरतं, किंवा दोन्ही मिळूनही पुरत नाहीत.

आता हे उदाहरण पाहा. कुणीतरी २३ रुपयांच्या काही वह्या आणि १७ रुपयांची काही पेनं घेतली. वह्या किती? पहिलं विधान: एकूण २१७ रुपये झाले. दुसरं विधान: वह्या-पेनं मिळून ११ नग घेतले.

हुशार मुलगा लगेच म्हणतो, दोन अज्ञात आहेत, म्हणजे दोन समीकरणं हवीत, दोन्ही विधानं लागणार. शाळेत हेच शिकवलेलं असतं आणि इथे तेच चुकतं. वह्या काही अर्धी-पाऊण घेता येत नाहीत. २१७ रुपयांत त्या जास्तीत जास्त नऊ. नऊ घेतल्या तर १० रुपये उरतात, आठ घेतल्या तर ३३, सात घेतल्या तर ५६, सहा घेतल्या तर ७९. यातल्या कशालाच १७ ने नि:शेष भाग जात नाही. पाच घेतल्या तर १०२ उरतात, म्हणजे बरोबर सहा पेनं. चारपासून शून्यापर्यंत पुन्हा काही जुळत नाही. म्हणजे वह्या पाचच. पहिलं विधान एकटं पुरलं. दुसरं एकटं पुरत नाही, कारण ११ नगांची वाटणी कशीही होऊ शकते.

आता गोष्ट तीच ठेवून फक्त आकडे बदलू. वही २० रुपयांची, पेन १५ चं, एकूण २१५ रुपये. वह्या एक, चार, सात किंवा दहा, चारही वेळा हिशेब जुळतो. आता नग ११ हे कळल्याशिवाय सुटका नाही. ते कळलं की वह्या दहा. म्हणून ‘असं उदाहरण आलं की अमुक पर्याय’ असली सूत्रं पाठ करून घेणाऱ्या शिकवणीवर माझा विश्वास नाही.

पूर्णांकांत उत्तर शोधण्याची ही विद्या आपल्याकडे जुनी आहे. तिला कुट्टक म्हणतात. आर्यभटानंतर भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त ती मांडली, आणि त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, चाळीसगावजवळच्या पाटण इथं मठ स्थापला, तिथला शिलालेख त्याची साक्ष देतो.

आणखी एका जागी मुलं फार अडखळतात. प्रश्न: क्ष धन आहे का? विधान: क्ष चा घन उणे ८ आहे. क्ष उणे २, म्हणजे उत्तर ‘नाही’. मुलं या ‘नाही’ला बिचकतात आणि विधान अपुरं ठरवतात. वास्तविक ठाम नकार मिळाला की माहिती पुरली. कधी हो, कधी नाही असं होत असेल तरच ती अपुरी.

मुलं का अडखळतात? पाठ्यपुस्तकातल्या शाब्दिक उदाहरणात माहिती नेमकी लागेल तेवढीच दिलेली असते. दिलेला प्रत्येक आकडा वापरायचा, ही सवय दहा-बारा वर्षं मुरते. माहिती जास्त आहे की कमी, हा प्रश्न त्यांना कुणी विचारलेलाच नसतो.

तो पाचवीच्या वर्गातही विचारता येईल. शिक्षकांनी उदाहरण फळ्यावर लिहावं आणि सोडवायला सांगण्याआधी विचारावं: यातला कोणता आकडा पुसला तरी चालेल? वह्या-पेनांच्या पहिल्या उदाहरणात मुलं ११ पुसतील. दुसऱ्यात पुसायला गेली, तर चार वेगवेगळी उत्तरं हाती येतील, आणि त्यातलं खरं कोणतं यावर वर्गात वाद होईल. तो वाद होऊ द्यावा.