उंबरठ्यावरचे इंग्रजी



आपल्या राज्यात सन २००० पासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. तथापि वैजापूर तालुक्यातील एका शाळेत ‘वॉटर’ शब्दाचे स्पेलिंग अचूक लिहिणारी मुलगी तहान लागताच केवळ हाताने खूण करिताना मी पाहिली. उलट ‘मे आय कम इन, सर?’ हे वाक्य मागे पडलेले मूलदेखील बिनचूक म्हणते. त्याचा अर्थ त्यास कोणी फळ्यावर लिहून दिला नव्हता. तो उंबरठ्यानेच शिकविला. असे आणखी उंबरठे आपण निर्माण केले पाहिजेत. पाण्याच्या माठापाशी ‘मे आय हॅव सम वॉटर?’, खिचडीच्या पंगतीत ‘अ लिटल मोअर, प्लीज’.

शब्दास शब्द जोडून काय होते? ‘डोके दुखते’चे ‘माय हेड इज पेनिंग’ होते. वास्तविक ‘आय हॅव अ हेडेक’ म्हणावयाचे असते. मूल असे चुकले तरी त्यास अडवू नये. आपण योग्य वाक्य सहज पुन्हा उच्चारावे. आपले उच्चार कच्चे आहेत, या संकोचाने मात्र गप्प बसू नये. हा संकोच मलाही पुष्कळ वर्षे होता.

उद्या माठापासून आरंभ करावा. काय घडले, ते पुढील शिक्षण परिषदेत मला अवश्य सांगावे.