रसायनशास्त्राचा पेपर आणि साखर कारखाना

रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकात पोलॅरिमीटरच्या नळीत साखरेचे द्रावण भरतात, प्रकाशाची प्रतलदिशा किती अंशांनी वळली ते वाचतात आणि जर्नलवर सही घेतात. बहुतेक विद्यार्थ्यांच्या लेखी तो प्रयोग तिथेच संपतो. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत मात्र गळीत हंगामभर, तिन्ही पाळ्यांत, हेच मोजमाप चालू असते.

रसात विरघळलेले एकूण घन पदार्थ म्हणजे ब्रिक्स, त्यातली पोलॅरिमीटरने मोजलेली साखर म्हणजे पोल. पोलला ब्रिक्सने भागून शंभराने गुणले की रसाची शुद्धता कळते. रस, बगॅस, मळी यांचे नमुने तपासले की साखर कुठे निसटते ते दिसते. शंभर किलो उसातून निघालेली साखर म्हणजे उतारा. उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, म्हणजेच एफआरपी, उताऱ्याशी बांधलेला असल्यामुळे हा आकडा गावच्या पारावरही चर्चेत असतो.

तोडलेला ऊस गव्हाणीबाहेर ताटकळला की उतारा घसरतो. कारण पाठ्यपुस्तकात आहेच: सुक्रोजचे जलविघटन होऊन ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतात. त्यांचे साखरेचे दाणे पडत नाहीत, ती मळीत जातात. आम्लात ही क्रिया वेगाने होते, म्हणून रसात चुन्याचे दूध घालून सामू सांभाळतात. चुना जास्त झाला तर रसाचा रंग काळवंडतो. परीक्षेत चार गुणांचा असलेला सामू इथे मालाची प्रत ठरवतो.

बी.एस्सी. झालेला विद्यार्थी सहसा लॅब केमिस्ट म्हणून लागतो. पुढे मॅन्युफॅक्चरिंग केमिस्ट, चीफ केमिस्ट अशी चढण असते. त्यासाठीचे साखर तंत्रज्ञानाचे शिक्षण पुण्याजवळ मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये आणि कानपूरच्या राष्ट्रीय शर्करा संस्थेत मिळते. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला ऊस वाणांच्या संशोधनाची वाट आहे. सातारा जिल्ह्यातले पाडेगावचे केंद्र त्यासाठीच ओळखले जाते. बॉयलर आणि सहवीजनिर्मितीत भौतिकशास्त्र लागते, ऊस बिलांच्या हिशेबात वाणिज्य.

एक गोष्ट मात्र माहितीपत्रकात क्वचितच छापलेली असते. गाळप साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंतच चालते, आणि कारखान्यातल्या बऱ्याच जागा हंगामी असतात. मळी किण्वून अल्कोहोल काढणारी आसवनी गाळप थांबल्यावरही साठवलेल्या मळीवर चालू राहू शकते. तिथे यीस्टची निगा राखावी लागते, त्यामुळे रसायनशास्त्राच्या जोडीला सूक्ष्मजीवशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्याला ऑफ-सीझनमध्येही काम मिळण्याची शक्यता अधिक असते.