शोधचौकटीला मराठी कळू द्या



मतदारयादीत नाव शोधायचं असो, ग्रंथालयातलं पुस्तक हवं असो की परीक्षेचा निकाल, पडद्यावर एक रिकामी चौकट येते आणि शेजारी भिंगाची खूण. ती तुम्ही रोज वापरता, तेव्हा तिची ओळख करून देण्यात वेळ घालवत नाही. मला बोलायचंय ते तिच्या एका उत्तराबद्दल. ‘नोंद आढळली नाही.’ मराठीत शोधणाऱ्याला मिळणारं हे उत्तर पुष्कळदा खोटं असतं. नोंद तिथेच असते. चौकटीला आपलं लिहिणं कळलेलं नसतं.

‘वऱ्हाड’ हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र संगणकात दोन प्रकारे लिहिता येतो. एका कळफलकावर ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याचा पाय मोडतात. दुसऱ्यावर साधा र, त्याचा पाय मोडायचा आणि पुढे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. वऱ्हाड आणि वर्‍हाड. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, कानाला तर फरक कळायचाच नाही. पण यंत्राच्या लेखी हे दोन वेगळे शब्द. यादी करणाऱ्यानं पहिल्या पद्धतीनं लिहिलं आणि तुम्ही दुसऱ्या पद्धतीनं, की संपलं. ‘गोऱ्हे’ आडनावाच्या माणसाचं नाव यादीत असून नसल्यासारखं.

‘ॲ’चंही तेच. ॲडव्होकेट, ॲसिड, ॲल्युमिनियम यांतला ॲ. युनिकोडमध्ये या अक्षराला २००८ साली स्वतःची जागा मिळाली. त्याआधी लोक अ लिहून त्यावर चंद्र चढवायचे. तो जुना मजकूर अजून सगळीकडे पडून आहे, आणि काही कळफलकांवर आजही तसंच लिहिलं जातं. एकच अक्षर दोन प्रकारे लिहिलेलं असेल तर ते एका रूपात आणायची तयार सोय युनिकोडमध्ये आहे, पण ती या ॲला लागू पडत नाही. अदृश्य जोडचिन्हाच्या र्‍हालाही नाही. म्हणून संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मंडळींना माझं सांगणं आहे, ती तयार सोय वापरली की काम झालं असं समजू नका. या दोन अक्षरांसाठी तुम्हाला स्वतःचे चार नियम लिहावेच लागतात.

हे ओझं कुणी उचलायचं, ते कळायला आता वाण्याच्या दुकानाकडे बघा. मेट्रिक मापं येऊन साठ वर्षं उलटली, तरी आजी जाते आणि म्हणते, पावशेर रवा द्या. वाणी काय करतो? मुकाट्यानं अडीचशे ग्रॅम तोलतो. ‘पावशेर नावाचं माप माझ्याकडे नाही, तेव्हा रवा नाही,’ असं म्हणून तो आजीला परत पाठवत नाही. मापाचा हिशेब त्याचा, गल्ल्यामागचा. आजीला तो शिकायची गरज नाही. आणि तिचं बोलणं खरोखरच कळलं नाही, तर तो विचारतो, ‘काय म्हणालात?’ रवा संपला असं खोटं सांगत नाही. आपल्या शोधचौकटी नेमकं असंच खोटं सांगतात, आणि माणूस त्यावर विश्वास ठेवून घरी जातो. आपलं नाव यादीतून गेलं म्हणून हळहळतो. हे मला सहन होत नाही.

आकड्यांचंही या अक्षरांसारखंच. जमिनीचा गट नंबर कुणी देवनागरी ५ घालून लिहील, कुणी इंग्रजी पाच घालून. दोन्ही चाललं पाहिजे. अनुच्चारित अनुस्वार १९६२च्या लेखननियमांनी काढले, पण जुन्या कागदांवरून उतरवलेल्या याद्यांत ‘गांव’ आणि ‘नांव’ अजून आहेत. तेही सापडलं पाहिजे.

   

मुख्य मुद्दा पुन्हा सांगतो, कारण तो निसटला तर बोलणं वाया गेलं. लिहिणाऱ्यानं कसंही लिहावं, दोन्ही रूपं एक करण्याचं काम चौकटीमागच्या यंत्राचं आहे. तुमच्यापैकी जे कुणी अशा चौकटी बनवतात, कार्यालयांसाठी विकत घेतात, तपासून सही करतात, त्यांनी सही करण्याआधी ‘वऱ्हाड’ दोन्ही प्रकारे टाइप करावं, ‘ॲड.’ दोन्ही प्रकारे टाइप करावं, एखादा गट नंबर दोन्ही आकड्यांत घालावा. दोन्ही वेळा तीच नोंद समोर आली नाही, तर सही करू नका. काम परत पाठवा.