उजाडण्यापूर्वीची घटका



कोल्हापूरला पहाट शिकवावी लागत नाही. अंबाबाईच्या देवळात काकडा होतो, तालमीत जोर-बैठका सुरू होतात, दुधाच्या कट्ट्यावर म्हशी येऊन उभ्या राहतात. त्याच वेळी इथल्या काही ख्रिस्ती घरांतही दिवा लागतो. कुणीतरी चष्मा शोधतं, पवित्र शास्त्र उघडतं, एक अध्याय वाचतं आणि डोळे मिटून प्रार्थना करतं. या घटकेविषयी आज बोलायचं आहे. ती पूर्वीइतकी सहज राहिलेली नाही. उशाशी फोन असतो आणि डोळे उघडताच हात आधी तिकडे जातो.

पहाटच का? मार्ककृत शुभवर्तमानाचा पहिलाच अध्याय काढून पाहा. कफर्णहूम गावातला शब्बाथाचा दिवस. येशू ख्रिस्त सकाळी सभास्थानात शिकवतो, तिथून शिमोनाच्या घरी जातो आणि त्याच्या तापाने पडलेल्या सासूला बरं करतो. सूर्य मावळताच सगळं गाव दारात लोटतं. आजारी, पिडलेले, त्यांना धरून आणणारे नातेवाईक. इतक्या दगदगीनंतर सकाळी उशिरा उठला असता तर कुणी नावं ठेवली नसती. पण अंधार असतानाच तो उठतो, गावाबाहेर एकांतात जातो आणि प्रार्थना करतो.

आपण बहुधा इथेच थांबतो आणि लवकर उठण्याचा धडा घेतो. मला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. शिमोन आणि त्याचे सोबती शोधत येतात आणि सांगतात की सगळे तुलाच शोधताहेत. कालच्या यशानंतर परत त्याच दाराशी जाणं किती सोपं होतं! येशू मात्र तिकडे न वळता आसपासच्या गावांकडे निघतो, कारण त्याला तिथेही उपदेश करायचा असतो. आपण कशासाठी आलो हे त्याच्या मनात स्वच्छ होतं, म्हणून गावाच्या हाकेने त्याचा दिवस ठरला नाही. पहाटेच्या प्रार्थनेचं खरं काम हेच आहे, असं मी मानतो. साहेबाचा निरोप, शाळेची रिक्षा, नळाचं पाणी, गटावर आलेले संदेश हे सगळं येणारच आहे. ते येण्याआधी आजचा दिवस कुणाचा, हे देवासमोर ठरावं.

या विषयाचा एक धागा थेट आपल्या शहराशी जुळतो. 1852 मध्ये रॉयल वायल्डर आणि त्यांची पत्नी एलायझा हे अमेरिकन मिशनरी दांपत्य कोल्हापुरात आलं. शाळा काढणं हे त्यांच्या पहिल्या कामांपैकी एक. वायल्डर मेमोरियल चर्चच्या नावात ती आठवण आजही आहे. त्यांचा मुलगा रॉबर्ट 1863 मध्ये कोल्हापुरातच जन्मला. पुढे हे कुटुंब अमेरिकेत परतलं. प्रिन्स्टनच्या घरी रॉबर्ट आणि त्याची बहीण ग्रेस नेमाने एकत्र प्रार्थना करीत, विद्यार्थ्यांमधून सेवेसाठी माणसं उभी राहावीत म्हणून. 1886 च्या उन्हाळ्यात रॉबर्ट माउंट हर्मनच्या विद्यार्थी शिबिराला गेला. तिथे शंभर तरुणांनी परदेशी सेवेची तयारी दाखवली आणि त्यातून विद्यार्थ्यांची मोठी चळवळ उभी राहिली. त्या शंभरांत जॉन मॉट होते, ज्यांना 1946 मध्ये शांततेचं नोबेल मिळालं. मॉट यांनी दिवसाची सुरुवात बायबल आणि प्रार्थनेने करण्याची सवय जगभरच्या विद्यार्थ्यांत रुजवली, त्यावर पुस्तिकाही लिहिली. ग्रेस पुढे आईसह भारतात परतली आणि इस्लामपूर भागात काम करीत राहिली.

पहाटे उठण्याच्या या सवयीबद्दल केंब्रिजच्या एका विद्यार्थ्याची हकिकत सांगतात. त्याला जाग येत नसे. त्याने गजराच्या घड्याळाला मासे धरायची दोरी अशी जोडली की गजर होताच अंगावरचं पांघरूण ओढलं जाई. म्हणजे झोपेशी झगडा तेव्हाही होताच. माझा अनुभव असा की पहाटेचा प्रश्न रात्रीच सुटतो. जेवणं वेळेवर, फोन दुसऱ्या खोलीत, शास्त्र टेबलावर आणि उद्याच्या भागाशी खूण घातलेली. सकाळी काय वाचू म्हणत पानं चाळत बसलं की वेळ तिथेच संपतो.

वाचन आणि प्रार्थना एकमेकांपासून तोडू नयेत. नुसत्या वाचनाने माहिती वाढते. नुसत्या प्रार्थनेत माणूस हळूहळू आपल्याच मागण्यांची यादी म्हणू लागतो. आधी वाचावं, जे उमगलं ते एका ओळीत वहीत लिहावं आणि त्याच ओळीवरून बोलायला सुरुवात करावी. शास्त्र साध्या माणसाच्या हाती पडावं म्हणून आपल्याकडे केवढे कष्ट झाले! पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून सबंध बायबल सोप्या मराठीत आणलं. 1922 मध्ये त्यांचं निधन झालं, तोपर्यंत हे काम चालू होतं. त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये ते छापण्याचं काम तिथल्या स्त्रियांनीच केलं. शिकण्याची संधी नाकारलेल्या बायकांनी खिळे जुळवलेलं ते पुस्तक होतं. ख्रिस्ती कवी रेव्हरंड टिळकांनी अभंग आणि भजनाच्या चालीत प्रार्थना दिली, तीही आपल्या पहाटेला शोभणारीच.

घरच्या बाईला हा वेळ सर्वांत कमी मिळतो, हे स्पष्ट बोललं पाहिजे. तिने डबे करायचे आणि बाकीच्यांनी मनन करायचं, ही उपासना नव्हे. कणीक मळून ठेवणं, पाणी भरणं, मुलांना उठवणं यांतलं एखादं काम घरच्या पुरुषाने घेतलं तर तिलाही दाराला कडी लावून बसता येईल. निदान तिचे हात कामात असताना कुणी एखादं स्तोत्र मोठ्याने वाचावं.

आणि रात्रपाळीचं काय? इस्पितळातली परिचारिका, शिरोलीच्या कारखान्यातला कामगार सकाळी घरी येतात ते थकून. दानीएल दिवसातून तीनदा प्रार्थना करी, स्तोत्रकर्ता संध्याकाळ, सकाळ आणि दुपार तिन्हींचा उल्लेख करतो. जाग आल्यावरचा पहिला निवांत वेळ हीच त्यांची पहाट. त्यांना दोष लावू नये.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी मार्कापासूनच करावी. सोळाच अध्याय आहेत. रोज एक घेतला तर सव्वादोन आठवड्यांत पूर्ण होतो. पुढे नीतिसूत्रे घ्यावीत. त्यांचे अध्याय एकतीस, म्हणून तारीख पाहून त्या दिवशीचा अध्याय काढता येतो. एखादा दिवस चुकला तर मागचं भरून काढत बसू नका, त्या दिवशीच्या तारखेचा अध्याय उघडा. न समजलेली ओवी वहीत टिपा आणि रविवारी उपासना सुटल्यावर पाळकांना विचारा.