सहीऐवजीं पोस्टकार्ड



थोर पुरुषांच्या स्वाक्षऱ्या गोळा करण्याची मुलांना मोठी हौस असते. डॉ. जयंत विष्णु नारळीकर यांच्यापुढें मुलें वह्या घेऊन उभीं राहिलीं, कीं ते त्यांना एक अट घालीत. विज्ञानांतली एखादी शंका पोस्टकार्डावर लिहून पाठवावी. उत्तर येईल, आणि त्याखालीं सहीही असेल. अट ऐकावयास सौम्य, परंतु पुरी करावयास कठीण. सही मागावयास नुसता आदर पुरतो. पोस्टकार्ड लिहावयाचें, तर आपणांस काय समजलें नाहीं, हें आधीं ठरवावें लागतें.

२० मे २०२५ रोजीं पुण्यास त्यांचें निधन झालें. तेव्हांपासून त्यांच्याविषयीं जें बोललें जातें, त्यांत आदराचाच स्वर अधिक. मीही त्यांचा चाहता. परंतु आज त्यांच्या अटीला धरून बोलावें, असा माझा विचार आहे.

त्यांचा जन्म १९३८ सालीं कोल्हापूरचा, परंतु बालपण गेलें काशीच्या हिंदु विश्वविद्यालयांत, जेथें वडील गणिताचे प्राध्यापक होते. घरांत फळा होता. मामा मोरेश्वर हुजूरबाजार त्यावर या भाच्यासाठीं एखादें अवघड गणित लिहून ठेवीत आणि तें सुटेपर्यंत तेथेंच राहूं देत. पुढें केंब्रिज, तेथें फ्रेड हॉईल यांच्यासह १९६४ मध्यें मांडलेला गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत, १९७२ सालीं स्वदेशीं आगमन, १९८८ सालीं पुण्यास 'आयुका'ची स्थापना, हें सर्व श्रोत्यांना ठाऊकच आहे.

१९७४ सालची गोष्ट मात्र पुन्हां सांगण्याजोगी आहे. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेंत 'कृष्णविवर' नांवाची एक कथा आली. लेखक नारायण विनायक जगताप. कथेला पहिलें पारितोषिक मिळालें. जगताप म्हणजे नारळीकरच! ज. वि. ना. हीं आद्याक्षरें त्यांनीं उलट केलीं होतीं, आणि हस्ताक्षर ओळखूं येऊं नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहवून घेतली होती. जगद्विख्यात शास्त्रज्ञानें आपलें नांव बाजूस ठेवून परीक्षकांपुढें जावें, यांत मला नुसती मौज दिसत नाहीं.

हीच नि:पक्ष परीक्षा त्यांनीं २००८ सालीं फलज्योतिषास लावली. १०० हुशार विद्यार्थ्यांच्या आणि बौद्धिक वाढ मंद असलेल्या १०० मुलांच्या पत्रिका जमविल्या, आणि त्यांतल्या प्रत्येकीं ४० पत्रिका पाहून २७ ज्योतिष्यांनीं आपले निर्णय कळविले. सरासरीनें निम्मे निर्णयही बरोबर आले नाहींत. नाणें उडवून याहून वाईट निकाल लागला नसता.

आतां चाहत्यास अवघड वाटणारी गोष्ट. १९६५ सालीं, आकाशाच्या सर्व दिशांकडून सारखीच येणारी सूक्ष्मलहरींची प्रभा पेन्झियास व विल्सन यांना आढळल्याचें जाहीर झालें. ती विश्वाच्या तप्त आरंभाची उरलेली ऊब होय, असें बहुतेक शास्त्रज्ञांनीं मानलें. नारळीकरांनीं तें मानलें नाहीं. १९९३ सालीं हॉईल व बर्बिज यांच्यासमवेत त्यांनीं अनादि विश्वाचें नवें रूप मांडलें. त्यांत ताऱ्यांचा प्रकाश अंतराळांतल्या लोखंडाच्या अतिसूक्ष्म तंतूंनीं शोषून पुन्हां बाहेर टाकल्यामुळें ती प्रभा उत्पन्न होते, असें म्हटलें होतें. हा पक्ष फारच थोड्यांना पटला; पण तो त्यांनीं अखेरपर्यंत सोडला नाहीं. शोकसभांतून या गोष्टीचा उल्लेख टाळला जातो, तो मला बरा वाटत नाहीं. माझ्या अल्प समजुतीप्रमाणें पुरावा महास्फोटाच्याच बाजूचा आहे. पण तो पुरावा काय, आणि तो कसा पारखून घ्यावयाचा, हें मीं प्रथम मराठींत वाचलें, तें नारळीकरांच्याच लेखांतून.