उजव्या कानाचा निर्णय



संयोजकांनी मला विषय दिला होता 'एआय आणि आपली मुलं'. वर्गातली कॉम्प्युटरवाली म्हणून तो माझ्या वाट्याला आला असावा. मी तो बदलून मागितला, कारण सकाळी नाश्त्याला तुमच्यापैकी निम्म्या जणांना मी नुसतं हसून "हो, हो" म्हटलं आहे. त्यात कुणी उसने पैसे मागितले असतील तर ते 'हो' धरू नये. मला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, दरवर्षी आणखी कमी होत चाललंय, आणि येत्या डिसेंबरात मी उजव्या कानात कॉक्लिअर इम्प्लांट बसवून घेते आहे. हे ठरवायला मला आठ महिने लागले. त्याबद्दल बोलते.

कमी ऐकू येणं म्हणजे रेडिओचा आवाज बारीक होणं, असं लोकांना वाटतं. तसं नसतं. आपल्या शाळेचा २६ जानेवारीचा कर्णा आठवा. आवाज अख्ख्या गावभर, पण प्रमुख पाहुणे काय बोलले ते कुणाला कळायचं का? माझं तसं झालंय. श्रवणयंत्राने आवाज मोठा होतो, शब्द सुटा होत नाही. आधी स, श, फ गेले, मग त आणि ठ. फोनवर कुणी आकडे सांगितले की 'सात' आणि 'साठ' मला सारखेच. ओठ वाचून बरंच भागतं, पण मामा, बाबा आणि पापा हे तिघेही ओठांवर एकच असतात. क, ख, ग तर घशातच राहतात, बाहेर दिसतच नाहीत.

तपासणीत बंद खोलीत बसवून शब्द ऐकवतात आणि ऐकू आला तसा म्हणायला लावतात. श्रवणयंत्र लावून डाव्या कानाला शंभरात ५२ मिळाले, उजव्याला १६. शाळेत इतके कमी गुण मला भूगोलातसुद्धा पडले नव्हते.

आपल्याकडे म्हणतात, "कानाची नस सुकली." मीही तेच धरून चालले होते. पण माझ्यासारख्या बहुतेकांची नस शाबूत असते. आतल्या शंखासारख्या भागात केसांसारखे तंतू असलेल्या पेशी असतात, त्या मरतात. आवाजाचं विजेच्या संदेशात रूपांतर त्या करतात. त्या गेल्या की बाहेरून कितीही मोठा आवाज घाला, नसेपर्यंत नीट पोचवणारं कुणी उरत नाही. इम्प्लांट त्या पेशींना वगळून थेट नसेला वीज देतं. कानामागे मायक्रोफोन आणि छोटा प्रोसेसर, डोक्यावर चुंबकाने चिकटणारी चकती, कातडीखाली रिसीव्हर आणि तिथून शंखात सरकवलेली तारांची बारीक दोरी. हे आपल्या ओळखीचं काम आहे : आवाज घ्यायचा, त्याचे पट्टे पाडायचे, प्रत्येक पट्टा आपापल्या इलेक्ट्रोडला पाठवायचा.

ऑस्ट्रेलियातल्या ग्रॅम क्लार्क नावाच्या कानाच्या डॉक्टरने १९७८ साली मेलबर्नमध्ये अनेक इलेक्ट्रोडचं आपलं इम्प्लांट पहिल्यांदा एका माणसाला बसवलं. त्याचे वडील औषधांचे दुकानदार होते आणि त्यांना कमी ऐकू यायचं. शंखाच्या वेटोळ्यात दोरी आत कशी जावी हे त्याला सुटत नव्हतं. समुद्रकिनाऱ्यावर बसून त्याने एका शिंपल्याच्या वेटोळ्यात गवताचं पातं सरकवून पाहिलं. टोकाला लवचीक आणि मागे ताठ होत गेलेलं पातं आत जात होतं. एवढ्या मोठ्या यंत्राची अडचण गवताने सोडवली, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

आता अडचणीचं सांगते. आतल्या पेशी सुमारे साडेतीन हजार, आणि मला जे इम्प्लांट सुचवलंय त्यात इलेक्ट्रोड २२. गाणं शिकलेल्यांना २२ श्रुती आठवतील, पण त्यांचा याच्याशी काही संबंध नाही. उलट कल्पना करा, पेटीला २२ पट्ट्या आहेत आणि एक दाबली की शेजारच्या दोनतीन आपोआप दाबल्या जातात. बोलणं कळायला एवढं पुष्कळ होतं. मेंदूला भाषा आधीपासून येत असेल तर तो उरलेलं भरून काढतो. सूर मात्र त्यात फार कमी बसतो. मींड तर नाहीच.

बाई, तुम्ही समोर बसला आहात म्हणून हे जरा जड जातंय. गॅदरिंगला तुम्ही मला पेटीसमोर उभी करायचात. माझ्या उजव्या कानात आता शब्द उरलेले नाहीत, पण खालचे स्वर अजून आहेत. तानपुरा लावला तर त्याचा खर्ज मला ऐकू येतो, गार फरशीवर पाय ठेवल्यासारखा. शस्त्रक्रियेत हे उरलेलं ऐकणं जाऊ शकतं. वाचवण्याचा प्रयत्न करतात, खात्री कुणी देत नाही. आणि एकदा गेलं की परत नाही. बाहेरचा प्रोसेसर दर काही वर्षांनी नवा घेता येतो, आतलं मात्र तसं 'अपडेट' होत नाही. पुढे एमआरआय करायचा झाला तर चुंबकाचा विचार करावा लागतो. चेहऱ्याची नस आणि चवीची एक बारीक नस ऑपरेशनच्या वाटेवरच असतात. मेंदूज्वराचा धोका किंचित वाढतो म्हणून आधी लस घ्यावी लागते, ती मी घेतली. खर्च एका बाजूचा मला बारा लाखांच्या आसपास सांगितलाय. लहान मुलांसाठी केंद्र सरकारची ॲडिप योजना आहे. तुमच्या ओळखीत असं बाळ असेल तर वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत चौकशी करा आणि वेळ घालवू नका, भाषेची पहिली वर्षं परत मिळत नाहीत. माझ्या वयाला ती योजना नाही. विमा कंपनी ऑपरेशनचे पैसे द्यायला तयार आहे, यंत्राचे नाही. पत्रव्यवहार चालू आहे, आणि पत्र लिहायला ऐकू यावं लागत नाही.

इम्प्लांट बसवलेल्या दोघांना मी भेटले. एक गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले. ते फोनवर आरामात बोलतात, पण गाणी ऐकणं त्यांनी सोडून दिलंय, "भांडी पडल्यासारखी वाटतात" म्हणाले. दुसरी तिशीतली मुलगी. ती रोज तासभर ओळखीचीच गाणी ऐकत राहिली आणि वर्षभराने तिला त्यातली चाल सापडायला लागली. दोघांनाही मी एकच विचारलं : परत वेळ आली तर कराल का? दोघंही "हो" म्हणाले. गृहस्थांनी थोडं थांबून म्हटलं, एवढाच फरक.

तरी माझं ठरत नव्हतं. ऑफिसात स्क्रीनवर अक्षरं उमटतात, मीटिंगचं भागतं. एप्रिलमध्ये आईच्या गाठीचा रिपोर्ट यायचा होता. डॉक्टरांचा फोन आला तेव्हा घरात मी आणि माझी तेरा वर्षांची लेक. फोन तिने घेतला, कारण फोन तीच घेते. डॉक्टर बोलत होते आणि ती एकेक वाक्य माझ्याकडे तोंड करून, सावकाश, ओठ नीट हलवून सांगत होती, मला कळावं म्हणून. 'बायोप्सी' हा शब्द ती पहिल्यांदाच उच्चारत होती. रिपोर्ट चांगला आला. पण वाईट असता तर तोही तिनेच मला असा ओठ हलवून सांगितला असता. त्या रात्री सूर आणि शब्द तराजूत घातले तेव्हा पारडं कुठे झुकलं, हे मला कुणी सांगावं लागलं नाही.

म्हणून उजवा कान. डावा तसाच ठेवते आहे, श्रवणयंत्रासकट. त्यात अजून पेटी ऐकू येते, जितके दिवस येईल तितके. उजव्यात वाट पाहत बसावं असं फारसं काही नव्हतं. कान जितकी वर्षं शब्दांवाचून राहतो, तितकं नंतर मेंदूला जड जातं असं डॉक्टर म्हणाले.

ऑपरेशननंतर तीनचार आठवड्यांनी यंत्र सुरू करतात. सुरुवातीला माणसं रोबोसारखी, नाहीतर कार्टूनमधल्या उंदरासारखी बोलतात म्हणे. मग महिनोन्‌महिने प्रोसेसर जुळवणं आणि रोज ऐकण्याचा सराव. आई धड्याचं पुस्तक घेऊन मला वाचून दाखवणार आहे. ती ७४ वर्षांची आहे आणि तिला आत्तापासूनच उत्साह आलाय, कोणते धडे ते तिने ठरवूनसुद्धा ठेवलेत. रात्री यंत्र काढून ठेवलं की त्या कानाला पूर्ण शांतता. नवऱ्याच्या घोरण्याचा विचार करता हा फायद्यात धरायला हरकत नाही.

जेवणाच्या पंगतीत मला भिंतीकडे पाठ करून बसवा, म्हणजे मागचा गोंगाट येत नाही. एका वेळी एकाने बोला. ओरडू नका, ओरडल्यावर ओठ वेडेवाकडे होतात. "जाऊ दे, काही नाही" असं म्हणू नका, विनोद असेल तर पुन्हा सांगा. आणि आता ज्यांना प्रश्न विचारायचे असतील त्यांनी पुढे या, तोंडावरचा हात काढा आणि विचारा. मागच्या बाकावरच्यांनी चिठ्ठी पाठवली तरी चालेल, त्याची सवय तुम्हाला आहेच.