मिरचीच्या कारखान्यातील स्त्रिया



या व्यासपीठावरून आपण दरवर्षी विद्वानांची व्याख्याने ऐकता. आमचा वावर हमालांत, मापाड्यांत आणि डाळमिलमध्ये निवडण-पाखडण करणाऱ्या बायांत. बोलावणे आले तेव्हा आम्ही चालकांना म्हटले, "किमान वेतनावर बोलतो." ते हसून म्हणाले, "ते तुम्ही वर्षभर बोलताच. यंदा एखाद्या आवडत्या गोष्टीवर बोला." पुष्कळ विचार केला आणि आवडती गोष्ट म्हणून एक सिनेमाच डोळ्यांपुढे उभा राहिला. शाळेत आमचे शिक्षण फारसे झाले नाही. जे काही झाले ते वाचनालयात, युनियनच्या कचेरीत आणि थोडेफार पडद्यासमोर. तेव्हा सिनेमावर बोलण्यात आम्हांला कमीपणा वाटत नाही. आपणही वाटून घेऊ नये.

सिनेमाचे नाव 'मिर्च मसाला'. दिग्दर्शक केतन मेहता. चुनीलाल मडिया यांच्या गुजराती कथेवरून तो बेतलेला असून 1987 साली तो पडद्यावर आला. त्याआधीच, 13 डिसेंबर 1986 रोजी, त्याची नायिका स्मिता पाटील वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी जग सोडून गेली होती. ही आपल्या महाराष्ट्राची मुलगी. वडील शिवाजीराव पाटील राजकारणातले, आई विद्याताई समाजकार्यातल्या. सिनेमात येण्यापूर्वी स्मिता मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचत असे.

आमची या सिनेमाशी गाठ पडली ती गणपतीत. त्या काळी गल्लीगल्लीत वर्गणी काढून टीव्ही आणि व्हिडिओ भाड्याने आणीत, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. आम्ही पोरांनी कॅसेट निवडली ती केवळ नावावरून. मिर्चही आहे आणि मसालाही आहे, म्हणजे मारामारी आणि नाचगाणी भरपूर असणार, असा आमचा हिशेब. अर्ध्या तासात पोरे कंटाळून उठून गेली. बाया मात्र पदर सावरून शेवटपर्यंत बसल्या. त्यांत आमची आई होती. 1972 च्या दुष्काळात तिने खडी फोडलेली. सिनेमा संपला तेव्हा ती एवढेच म्हणाली, "एकटीनं फेकली असती, तर तिच्याच डोळ्यांत गेली असती बघ." त्या वेळी आम्हांला त्याचा अर्थ लागला नाही. आज बोलायचे आहे ते त्याच वाक्याबद्दल.

ज्यांनी सिनेमा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. काळ इंग्रजी अमलाचा. एका खेड्यात साऱ्याच्या वसुलीसाठी सुभेदार येऊन तळ ठोकतो. सुभेदार हा शब्द आपल्या भागाला परका नाही. निजामी राजवटीत औरंगाबादेस सुभ्याचे ठाणे होते, आणि सरकारी माणूस गावात आला की कोंबडी कोणाची आणि शेळी कोणाची याची चिंता कशी सुरू होई, हे आपण वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे. सुभेदाराची घोडी नदीवर येतात तेव्हा घागरी टाकून सगळ्या बाया पळतात. एक सोनबाई उभी राहते. पाणी प्यायचे तर माणसासारखे प्या, असे ती त्याला सुनावते, आणि तो मुकाट्याने ओंजळ पुढे करतो. पण त्या दिवसापासून त्याची नजर तिच्यावर बसते. पुढे तो अंगचटीला येतो, ती त्याच्या थोबाडीत मारते आणि धावत सुटते. शिपाई मागे लागतात. ती मिरचीच्या कारखान्यात शिरते, आणि म्हातारा राखणदार अबू मियाँ आतून दार लावून घेतो. येथून खरा सिनेमा सुरू होतो. दाराबाहेर सुभेदार, त्याच्यापुढे हात जोडून गावचा मुखी आणि दाराआड मिरची कुटणाऱ्या दहापंधरा बाया.

पुष्कळ लोक सोनबाईची थोबाडीत लक्षात ठेवतात. आमच्या मते ती थोबाडीत ही गोष्टीची सुरुवात आहे, गोष्ट नव्हे. अन्यायाच्या क्षणी एखाद्या बाईचा हात उठणे ही मोठी गोष्ट खरी, परंतु असे हात आम्ही आयुष्यात पुष्कळ पाहिले आणि त्या हातांचे पुढे काय झाले तेही पाहिले. खरा प्रश्न दुसऱ्या दिवशी सकाळी उभा राहतो. तिच्या शेजारी बसून काम करणाऱ्या बाया काय म्हणतात?

त्या काय म्हणतात, हे या सिनेमाने खोटी भीड न ठेवता दाखवले आहे. आरंभी त्या सोनबाईला जवळ घेतात. मग घरची पोरे आठवतात, बाहेरून धमक्या येतात, आणि त्याच बाया तिच्यावर उलटतात. तुझ्या एकटीपायी आम्ही का मरायचे, असे तिला तोंडावर विचारतात. दीना पाठक आणि त्यांच्या दोन्ही मुली, रत्ना आणि सुप्रिया, या गोतावळ्यात आहेत. त्या देवीही नाहीत आणि दुष्टही नाहीत. ज्यांचे हात तिखटाने भाजतात आणि संध्याकाळची चूल त्या हातांवर पेटते, त्या बायांचे भय खरे असते. मैत्री म्हणजे गळ्यात गळा घालून गाणी म्हणणे, असे सिनेमावाले एरवी दाखवतात. कष्टकरी बायांची मैत्री आधी भांडते, हिशेब मांडते, कधी पाठही फिरवते, आणि मग आली तर सोबत येते. अशी आलेली सोबत टिकते, हा आमचा अनुभव आहे.

पलीकडे गावात पंचायत बसते. एक बाई देऊन गाव वाचत असेल तर काय वाईट, असा सूर निघतो. मास्तर तेवढा विरोध करतो. मुखी सुभेदाराकडे जाऊन विनवतो की हिला देतो, पण पुन्हा दुसरी मागू नका. सुभेदार नुसता हसतो. त्या हसण्यात सगळे राजकारण आले. जो एक मागतो तो एकावर थांबत नाही, हे मागणाऱ्याला ठाऊक असते. देणाऱ्याला ते ठाऊक करून घ्यायचे नसते. मुखीची भूमिका सुरेश ओबेरॉय यांनी केली असून तीबद्दल त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो माणूस दुष्ट नाही. गावाचे भले पाहणारा, तडजोडीत मुरलेला असा तो पुढारी आहे.

श्रोतेहो, येथे आम्हांला स्वतःविषयी थोडे बोलले पाहिजे.

वीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. एका डाळमिलमध्ये निवडण्याच्या शेडवर मुकादमाची वागणूक वाईट होती. एका बाईने त्याला चारचौघांत झिडकारले आणि ती आमच्याकडे तक्रार घेऊन आली. त्याच आठवड्यात मजुरीवाढीच्या वाटाघाटी शेवटास आल्या होत्या. आम्ही तिला म्हणालो, "ताई, करार होईपर्यंत दम धरा." मुकादमाने शेडमध्ये उठवले की हिच्यापायी काम बंद पडणार. बाया आमच्याकडे आल्या. "तिलाच सांगा की भाऊ, थोडे दिवस घरी राहा म्हणून." आम्ही त्यांना होही म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. चार दिवसांनी ती बाई आपणहून यायची थांबली. करार झाला, मजुरी वाढली, आम्ही पेढे वाटले.

काही महिन्यांनी हा सिनेमा पुन्हा पाहण्याचा योग आला. मुखी बोलू लागला आणि आम्हांला आमचाच आवाज ऐकू आला. दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेलो. तिने चहा ठेवला. आम्ही शब्द जुळवीत होतो, तेवढ्यात तीच म्हणाली, "मजुरी वाढली म्हणं भाऊ. चांगलं झालं." याहून कठोर शब्द आम्हांला आजवर कोणी ऐकवलेला नाही. ती कामावर परत आली नाही.

स्मिता पाटीलचाच एक मराठी सिनेमा आपण जाणता. 'उंबरठा', 1982 सालचा, जब्बार पटेलांचा, शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवरून केलेला. त्यातली सुलभा महाजन शिकलेली, निर्धाराची, घर मागे ठेवून महिलाश्रमाची अधीक्षक झालेली. बळाने ती सोनबाईपेक्षा कमी नाही. तरी शेवटी ती राजीनामा देऊन बाहेर पडते, घरीही तिला जागा उरलेली नसते, आणि आगगाडीत ती एकटी बसलेली दिसते. दोन्ही सिनेमे शेजारी ठेवले की ध्यानात येते की फरक नायिकेच्या बळात नाही. सुलभेच्या दाराआड तिच्यासोबत उभ्या राहणाऱ्या बाया नव्हत्या.

'मिर्च मसाला'त आणखी एक दार आहे, मुखीच्या घराचे. दीप्ती नवलने केलेली मुखीची बायको सरस्वती आपल्या मुलीचे नाव शाळेत घालते, आणि नवरा ते मोडून काढतो. पुढे हीच बाई थाळी वाजवीत गावातल्या बायांना रस्त्यावर आणते. मुखी तिला फरफटत नेऊन कोंडतो. थाळीचा तो आवाज ऐकून आम्हांला मुंबईतला 1972 नंतरचा लाटणे-मोर्चा आठवतो. मृणाल गोरे समाजवादी, अहिल्या रांगणेकर कम्युनिस्ट. एरवी दोन पक्षांची तोंडे दोन दिशांना. पण तेल आणि धान्य महागले तेव्हा या बाया एका समितीत बसल्या आणि हजारो गृहिणी लाटणी व थाळ्या घेऊन बाहेर पडल्या. स्वयंपाकघरातली वस्तू रस्त्यावर आली की सरकार दचकते. आतला आवाज बाहेर यावा हे कोणत्याच मुखीला रुचत नाही.

आता पुरुष श्रोत्यांसाठी अबू मियाँ. ओम पुरींनी तो उभा केला आहे. बायका-पोरांवर घरात राज्य करणाऱ्यांपैकी सुभेदारासमोर उभा राहील असा एकही मर्द येथे नाही, असे तो गावाला ऐकवतो. तो भाषण करीत नाही, बायांचे पुढारीपण घेत नाही. दार लावतो आणि दार धरून राहतो. शेवटी दार फुटते, तो मारला जातो. आम्हां पुरुष कार्यकर्त्यांचे काम एवढेच आहे आणि ते सोपे नाही. आम्ही एकदा दार धरायच्या वेळी हात काढून घेतला, म्हणून अधिकाराने सांगतो.

आणि मग तो शेवट. सुभेदार आत शिरतो. त्याला वाटते, म्हातारा मेला, आता आत आहेत कोण, बायाच. तेवढ्यात बाया पुढे होतात. दोघी दोघींनी मिळून तिखट उधळतात. दोघी जातात, दुसऱ्या दोघी येतात. दिवसभर ज्याने त्यांचे हात पोळत होते, तेच तिखट. सुभेदार गुडघ्यांवर येऊन ओरडतो, आणि सोनबाई कोयता हाती धरून उभी असते. आमच्या आईने काय पाहिले, ते आम्हांला पुष्कळ उशिरा समजले. ते तिखट एकीने फेकण्याचे नव्हतेच.

त्या डाळमिलची गोष्ट अर्धी राहिली. दोन वर्षांनी त्याच मुकादमाने एका नव्या मुलीला छेडले. गेलेल्या बाईच्या रिकाम्या जागेच्या अलीकडे-पलीकडे बसणाऱ्या दोघींनी सुपे खाली ठेवली. मग तिसरीने, मग ओळीने सगळ्यांनी. आम्हांला दुपारी कळले. संध्याकाळी मुकादम गेला. त्यांतली एक आम्हांला म्हणाली, "तेव्हा तिला जाऊ दिलं भाऊ, ते रोज सूप हातात घेतलं की आठवायचं."

आज कायदा आहे. 1997 साली विशाखा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नियम घालून दिले आणि 2013 साली कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध अधिनियम झाला. दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तेथे अंतर्गत समिती हवी. त्याहून लहान ठिकाणासाठी आणि तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. हे येथे बसलेल्या प्रत्येक भगिनीने ध्यानात ठेवावे. पण समितीपुढे साक्ष द्यायला शेजारची बाई लागते. ती कायद्याने मिळत नाही.

म्हणून भगिनींनो, एवढीच विनंती. उद्या कामावर जाल तेव्हा आपल्या शेजारी कोण बसते, तिच्या घरी कोण आहे, ती गप्प का आहे, हे विचारा. आणि बंधूंनो, आपण दाराशी उभे राहू.